तोगरहळ्ळीचा वळलेला बांध

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात अख्खं सोलापूर आभाळाकडे डोळे लावून बसलं होतं, आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मगरसाहेब दक्षिणेला ढग दिसला की खिडकी लावून घेत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, खिडकीचा खिट्टा सैल झाला असेल. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, विचारलं.

"मला काय विचारता अक्का," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं ढगाला बाप म्हणणारा माणूस, यंदा त्याच्याकडं पाठ करून जेवतो. दोन घास खातो नि ताट सारतो. मी म्हटलं, माझ्या हातची चव गेली का ढगाची?"

हिंदुराव मगर मूळचे माळशिरसकडचे. शेतकीची पदवी घेतलेला त्यांच्या घरातला पहिलाच माणूस. सरकारी खात्यात ते शेतातली माती आणि पाणी अडवायच्या कामाचे वरिष्ठ अधिकारी होते. लोक त्या खात्याला सरळ 'बंडिंग' म्हणत आणि यांना 'बंडिंगचे साहेब'. साहेब म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं म्हणा. उन्हानं रापलेला चेहरा, पायात कायम चिखल वाळलेले बूट, आणि बोलताना माळशिरस मधूनच डोकावायचं. आमच्याकडे भाड्यानं राहायला आले त्या दिवशी सामान उतरवायच्या आधी त्यांनी अंगणात तांब्याभर पाणी ओतलं, ते कुठे जातं ते उकिडवं बसून पाहिलं आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या अंगणाचा उतार घराकडं हाय. न्हाणीच्या भिंतीला ओल येत असंल." ओल येत होती. आमच्या ह्यांनी, म्हणजे ईश्वरप्पांनी, त्यावर तीन गवंडी बदलले होते.

पाणी कुठून कुठे जाईल हे त्या माणसाला दिसायचं. हाताखालच्या पोरांना ते एकच सांगायचे, आधी पाण्याच्या डोळ्यानं बघा, मग मातीला हात लावा. त्यांच्या कामाचं मूळ म्हणजे एक रेघ. तिवईवर दुर्बीण ठेवायची, समोर एकानं आकडे लिहिलेली उंच पट्टी धरायची, आणि रानातून एकाच पातळीत जाणारी रेघ फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, आखत जायचं. त्या रेघेवर मातीचा बांध. वरून आलेलं पाणी त्याला अडतं, थांबतं, जमिनीत मुरतं. जास्त झालं तर एका बाजूच्या दगडी सांडव्यावरून निघून जातं. एवढंच. पण ती रेघ कुणाच्या हद्दीला विचारून जात नाही. कुणाच्या रानाचे दोन तुकडे होतात, कुणाची विहीर पलीकडे राहते. म्हणून रेघ हलवा म्हणून सांगायला तलाठ्यापासून पंचांपर्यंत सगळे यायचे. मगरसाहेबांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याच्या शेतातसुद्धा रेघ हलवली नव्हती. तो मेहुणा चार वर्षं दिवाळीला आला नाही.

ती त्यांनी एकदाच हलवली. माझ्या शब्दाखातर.

त्याच साली फेब्रुवारीत माझी चुलती शरणम्मा अक्कलकोटच्या एस.टी.नं आमच्याकडे आली. आम्ही तिला चिगव्वा म्हणतो. माझं माहेर तोगरहळ्ळी, तिकडे कानडी-मराठी एकाच ताटात. सिद्धाराम काका जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, नऊ एकर काळं रान ती एकटी दोन बैलांवर ओढत होती. आली ती पाणीसुद्धा न पिता उंबऱ्यावर बसली.

"रानात फक्की टाकलीय," ती म्हणाली. "तुझ्या काकाच्या अंगावरून गेलीय."

त्या वर्षी दुष्काळी कामं गावोगाव निघाली होती, तोगरहळ्ळीत सातशे माणूस बांधावर होतं. मला कळेना काय करावं. तेवढ्यात वर्तमानपत्र परत द्यायला मगरसाहेब जिना उतरून आले.

"हाच का फक्कीवाला?" चिगव्वानं मला कानडीत विचारलं.

मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे केलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचंच उत्तर दिलं. "रेघ मी ओढत न्हाय, वहिनी. जमीन ओढती. मी नुसती फक्की टाकतो."

चिगव्वा म्हणाली, "मग जमिनीला सांग म्हणावं, तिथं सिद्धाराम बसलाय."

"बसलाय?"

मी त्यांना सांगितलं. आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात, भोवती विभूती आणि बेलाची पानं, आणि पुष्कळदा आपल्याच रानात. वर दगडाचा कट्टा बांधतात. काकांनी जागा स्वतः दाखवून ठेवली होती. आता तिच्यावर पाच फूट मातीचा बांध येणार होता आणि पुढच्या साली गुरं त्यावरून चालणार होती.

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. 'बघतो' म्हणून वळले असते आणि ते 'बघतो' काय असतं हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, "साहेब, मी तुम्हाला आजवर काही मागितलं नाही. एवढं कराच."

आता वाटतं, तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी रेघ वळवली. वरच्या अंगाला वळवणं सोपं होतं, पण वर चनमल्लप्पाचं रान. तो म्हणाला, फक्की माझ्या हद्दीत आली तर मी तिच्यावर आडवा झोपेन, मग माझीही समाधी तिथंच बांधा. म्हणून साहेबांनी ती खालच्या अंगानं नेली. कट्ट्याला वळसा, चाळीसेक पावलांचा, आणि जमीन तिथे खोलगट म्हणून बांध तेवढा उंच. मेअखेर काम झालं. चिगव्वानं एका माणसाबरोबर शेंगांचं पोतं पाठवलं, ते साहेबांनी घेतलं नाही. आमच्याकडेच राहिलं.

आणि जूनपासून हे खिडकी लावणं सुरू झालं.

श्रावणातल्या एका सोमवारी, आमचे हे दुकानात गेल्यावर, साहेब खाली आले. वच्छलाबाईही मागोमाग आल्या आणि जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या. साहेबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, तुमच्यात तो खड्डा किती खोल काढत्यात?"

"कसला खड्डा?"

"बसवत्यात तो."

मी सुपली खाली ठेवली. "असेल पुरुषभर. का?"

"आणि भरताना माती चोपत्यात का? का नुसती लोटत्यात?"

"मूठमूठ टाकतात सगळे. चोपणार कोण, साहेब? आत माणूस असतो."

"तेच," ते म्हणाले, आणि पायरीवर बसले. मग त्यांनी आमच्या ओसरीच्या पायऱ्यांवरच सगळं समजावून सांगितलं. ही वरची पायरी म्हणजे सांडव्याचा माथा. ही खालची म्हणजे काकांच्या कट्ट्याचा पाया. मध्ये दीड फूट. काम पुरं झाल्यावर शेवटची मोजणी करताना त्यांनी सहज पट्टी कट्ट्याच्या पायाशी धरायला लावली आणि आकडा वाचून ती पुन्हा दोनदा धरायला लावली. बांध कट्ट्याच्या खालून नेला, म्हणजे कट्टा पाण्याच्या बाजूला आला. पाऊस झाला, बांध भरला, तर सांडव्यावरून पाणी वाहायला लागेपर्यंत काकांच्या भोवती दीड फूट पाणी चढणार. आणि काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही, आठ-दहा दिवस उभं राहतं. आतली भर सैल. भिजली की बसणार.

"बसणार म्हणजे?"

"खचणार, वहिनी."

"पण तुम्हाला हे फेब्रुवारीत कसं नाही दिसलं?" मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"पाणी होतं कुटं?" ते म्हणाले. "दोन वर्षं पाणी बघितलं न्हाय कुणी. सातशे माणूस हातात पाटी घेऊन उभं. रोज संध्याकाळी आमी माती मोजायचो, किती खड्डे झाले, किती लोकांना खायला सुकडी दिली. मला तिथं बांधच दिसला. मातीपासनं वाचवलं त्यांना, आणि नेऊन पाण्यात ठेवलं."

वच्छलाबाई म्हणाल्या, "मग सांडवा फोडून खाली घ्या की."

"दीड फूट खाली घेतला तर त्या बांधात पाणीच थांबायचं न्हाय. अठ्ठावीस एकर रान हाय, आठ घरं. मग सातशे माणसानं चार महिने काय केलं?"

"समाधीभोवती कडं घाला मातीचं," मी म्हटलं.

"काळ्या मातीचं कडं उन्हात फाटतं. फट पडली की पाणी आत."

"निदान चिगव्वाला सांगा."

"सांगतो की," ते म्हणाले. "पाऊस कसा पडतोय ते बघू."

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यांनी सांगितलं नाही, तसं मीही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात चिगव्वाला कार्ड लिहिलं. थोरल्याचा ताप उतरला, वरचे साहेब बरे आहेत, तुझी म्हैस कशी आहे. म्हशीची चौकशी करायला जागा होती.

आणि मग मीही त्यांच्यासारखीच झाले. शेजारपाजारच्या बायका पावसासाठी सिद्धेश्वराला साकडं घालत होत्या, त्यांच्याबरोबर मी तळ्याकाठी जायची आणि हात जोडल्यावर काय मागावं ते सुचायचं नाही. पाऊस पड म्हणावं तर काका. पडू नको म्हणावं तर सगळं जग. एकदा मी हळूच म्हटलं, देवा, तोगरहळ्ळी सोडून पड. लगेच स्वतःची लाज वाटली.

भाद्रपदात पाऊस लागला. सोलापुरात सरी होत्या, पण अक्कलकोटहून आलेलं एक गिऱ्हाईक दुकानात म्हणालं की तिकडे दोन दिवस झड आहे, ओढे भरलेत. ह्यांनी जेवताना सहज सांगितलं. मी वर गेले. मगरसाहेबांना ते आधीच कळलेलं होतं. ते बूट घालून खाटेवर बसले होते आणि नाड्या सोडून पुन्हा बांधत होते.

"चार वेळा बांधल्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "आज तुमी गेला न्हाय तर मी जाते. मला काय कानडी येत न्हाय, पण मी हातवारे करून सांगीन त्या बाईला, माझ्या नवऱ्यानं तुझा नवरा बुडवला म्हणून."

खात्याची जीप होती, पण साहेब म्हणाले, ही माझी चूक, सरकारचं पेट्रोल कशाला. आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.नं गेलो. फाट्यावर उतरून गाव दीड मैल, आणि काळ्या चिखलाची वाट. दहा पावलांत चपलेला शेर शेर माती. चपला हातात घेतल्या. साहेब पुढे, आम्ही दोघी मागे. वच्छलाबाई एकदा घसरल्या आणि बसल्या जागी म्हणाल्या, "बघा, हितं मी खचले तर कुणाला दीड फूट दिसायचं न्हाय." कुणी हसलं नाही. त्याही हसल्या नाहीत.

रानाच्या कडेला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. पाऊस थांबलेला होता. बांधाआड तांबूस पाण्याची एवढी मोठी चादर पसरली होती की क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन वर्षांत तेवढं पाणी पाहिलं नव्हतं. मग कट्टा दिसला. चारी बाजूंनी पाणी, दगडाचा खालचा थर बुडालेला. आणि बांधावर, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, चिगव्वा.

तिनं आम्हाला पाहिलं, उठली नाही. "बरं झालं आलास, यप्पा," साहेबांना म्हणाली. "सकाळी उठून आले तर एवढं. मला वाटलं, उतरेल. हे अजून किती चढणार?"

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांना कळलं होतं. त्यांनी लांबवरच्या सांडव्याच्या दगडांकडे बोट दाखवलं. "तितपर्यंत."

चिगव्वा शेतकरीण होती. तिला पट्टी आणि दुर्बीण लागली नाही. तिनं सांडव्याच्या दगडांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग कट्ट्याच्या माथ्याकडे.

"हे तुला कधी कळलं?"

"जूनमधी," ते म्हणाले.

मी ते सांगितलं. ती माझ्याकडे वळली. "आणि तुला?"

"श्रावणात," मी म्हटलं.

"श्रावणात वाट कोरडी होती," चिगव्वा म्हणाली. "माझे बैल मोकळे होते. गाडी इथपर्यंत येत होती." मला वाटलं, तिनं मुस्कटात दिली असती तर बरं झालं असतं.

नैऋत्येला पुन्हा भरून येत होतं. साहेबांनी बांधावर पडलेला टिकाव उचलला. "सांडवा फोडतो. काय व्हायचं ते होऊ दे. वहिनी, सांगा त्यांना."

तोवर चनमल्लप्पा आपल्या रानातून पाणी तुडवत आला होता. टिकाव पाहून तो जागीच थांबला, पण काही बोलला नाही. ते मला अजून आठवतं. आडवा झोपेन म्हणणारा माणूस, त्याच्या रानात तिसऱ्या वर्षी ओल धरली होती, आणि तो गप्प.

चिगव्वा साहेबांच्या पुढे उभी राहिली. "ठेव ते खाली. माझ्या नवऱ्यासाठी आठ घरांची ज्वारी घालवू? मग उद्यापासून जो उठेल तो समाधीकडे बोट दाखवून शिव्या देईल. जिवंतपणी कुणाची शिवी खाल्ली नाही त्यानं."

"मग काय करू?" साहेब म्हणाले. माळशिरसही नाही, खातंही नाही, नुसतं काय करू.

तिनं घराकडे मान वळवली. मग चनमल्लप्पाला म्हणाली, "माझ्या घरामागं पांढरी माती आहे. माळवदाला आणलेली, अर्धी उरलीय. माणसं बोलव."

आमच्याकडची घरं माळवदाची. लाकडाचं छत आणि वर माती, पण ती रानातली काळी नव्हे. जुन्या पांढरीच्या, म्हणजे उजाड गावठाणाच्या, टेकाडातली खारी, पांढुरकी माती. मृग लागायच्या आत ती घरावर पसरायची, चोपायची. पाऊस कितीही पडो, ती फाटत नाही आणि थेंब आत सोडत नाही. मी त्याच छपराखाली वाढले. मगरसाहेबांनी हजार गावांची माती हातात चुरून पाहिली होती. पण रान म्हटलं की रानातलीच माती, हे त्यांच्याही डोक्यात आणि माझ्याही.

गाडी चिखलात येईना. मग घरापासून रानापर्यंत माणसं उभी राहिली, वीसेक असतील, आणि पाटी हातातून हातात. वच्छलाबाई पदर खोचून मधे उभ्या, त्यांच्या एका बाजूला गुरम्मा नावाची म्हातारी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी सारख्या बोलत होत्या. आधी कट्ट्याच्या पायाशी माती भरली, मग बाजूंनी चढवत वर. साहेब गुडघाभर पाण्यात. माती ओतली की त्यांचा हात सवयीनं तिला बांधासारखा तिरका आकार द्यायचा.

"असा नाही," चिगव्वा म्हणाली. मी दोघांच्या मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होते. "घराला देतो तसा उतार दे."

"घराला किती देता?"

"पाणी थांबणार नाही आणि माती जाणार नाही एवढा."

साहेबांनी मान हलवली आणि ती दाखवेल तसं केलं. कट्ट्याच्या माथ्याशी आले तेव्हा थांबले. वर पाय द्यायचा का नाही, कळेना. बूट तर कधीच काढलेले होते.

"चढ," चिगव्वा म्हणाली. "वजनानं बरा आहेस. दाबली जाईल. तुझ्यासारखे दोन असते तर चोपणं लागलं नसतं." चनमल्लप्पा खालून हसला, आणि मग सगळेच थोडे हसले. साहेब हसले नाहीत. ते कट्ट्यावर उभे राहिले, पायांखाली कोण बसलंय हे माहीत असलेल्या माणसासारखे, आणि हळूहळू, एक एक पाऊल, माती तुडवत फिरले. त्यांच्या मागून चिगव्वा लाकडी चोपणं मारत. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

तीनच्या सुमाराला पाऊस आला. आम्ही बाभळीखाली उभे होतो. पाणी चढताना दिसत नाही; मधूनच लक्षात येतं की मघाचा दगड गेला. कट्ट्यावरची पांढरी माती आणखी वीतभर पाण्याखाली गेली. मग लांब सांडव्याकडून खळखळ ऐकू आली. भरला बांध. साहेबांनी डोळे मिटले. आमच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली होती.

त्यानंतरचे नऊ दिवस मला नीट आठवत नाहीत. साहेब कामावर जात, येत. वर पावलं वाजत राहायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलं. आमचे हे म्हणाले, तुम्ही दोघांनी मिळून एकच घोर लावून घेतलाय. सोलापुरात ऊन पडलं की आम्ही जिन्यात भेटायचो आणि साहेब म्हणायचे, "तिकडं पण उघडलं असंल, न्हाई का?" मी म्हणायची, असेल.

दहाव्या दिवशी गेलो. पाणी ओसरलं होतं, कट्ट्याच्या पायाशी नुसता गाळ. पांढरी माती जागच्या जागी होती. फक्त दक्षिणेचा कोपरा खाली गेला होता. बघताच कळावं एवढा. साहेब वाकले आणि त्या कोपऱ्यावर तळवा ठेवून तसेच राहिले.

"चार बोटं," चिगव्वा मागून म्हणाली. "मी मोजलीत. परवा चार होती, आजही चार."

"आतनं पोकळ झालं असंल का?"

तिनं एक दगड घेतला आणि कट्ट्यावर चारी बाजूंनी ठोकला, बाजारात मडकं ठोकून बघतात तसा. तीन बाजूंना आवाज भरीव आला. दक्षिणेला जरासा वेगळा वाटला, मला वाटला, तिला वाटला की नाही, तिनं सांगितलं नाही.

"वर्षभर बघायचं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात भोवती कडं घालून दे. पांढऱ्या मातीचं. आणि या वेळी आधी मला विचार."

"व्हय," साहेब म्हणाले. वच्छलाबाईंना मी नंतर म्हटलं, तिनं माफ केलं असावं. त्या म्हणाल्या, "माफ केलं असतं तर काम सांगितलं नसतं." मला अजून ते उलगडलेलं नाही.

साहेबांनी तिथंच बांधावर बसून मोजणीचं पुस्तक काढलं आणि लिहिलं: रेघ पातळी सोडून माझ्या निर्णयानं वळवली, समाधीची जमीन सांडव्याच्या माथ्यापेक्षा दीड फूट खाली, आखणीच्या वेळी पाण्याचा विचार केला नाही. खाली सही आणि तारीख. कुणी मागितलं नव्हतं. त्या तीन ओळींवरून पुढे त्यांच्याकडे खुलासा मागितला गेला आणि त्यांची बढती दोन वर्षं लांबली. त्या साली मात्र तोगरहळ्ळीच्या आठही घरांत ज्वारी आली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कडं झालं. साहेब रजा टाकून गेले होते. शहात्तर साली त्यांची बदली झाली, मराठवाड्यात. जाताना ते फार बोलले नाहीत. पण दर वर्षी भाद्रपद सरला की एक पोस्टकार्ड येतं. वर आमच्या मुलांना आशीर्वाद, खाली वच्छलाबाईंचा नमस्कार, आणि मधे एकच प्रश्न: कोपरा किती? मी चिगव्वाला विचारते, ती बोटं लावून बघते, आणि मी उलट टपाली कळवते. सत्तरीला आलेली बाई, डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून बोटांवरच भरवसा. पंचाहत्तरला त्यांनी स्वतः जाऊन मोजलं होतं, चार. शहात्तरला चार. सत्त्याहत्तरला चार.

यंदा, अठ्ठ्याहत्तरच्या पावसानंतर, ती एस.टी.नं स्वतः आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "पाच."

"नीट बघितलंस?"

"तीनदा."

मी संध्याकाळी कार्ड लिहायला बसले. आमचे हे खांद्यावरून वाचत होते. "पाच कशाला लिहितेस?" ते म्हणाले. "एका बोटाचा काय हिशोब. म्हातारीची बोटं सुजली असतील. तो माणूस तिकडे जेवायचा नाही."

"नाही जेवला तर नाही जेवला," मी म्हटलं, आणि आकडा अक्षरात लिहिला, पाच, म्हणजे वाचताना चूक व्हायला नको. पत्ता घालून कार्ड त्यांच्याच हातात दिलं. टपाल निघायला अजून अर्धा तास होता. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि ते पेटीत टाकायला गेले.